पातेल्यासकट

मी एक जुनी चटई आहे, आणि माझ्यावर आजवर कुणीही बसलेलं नाही. गावप्रमुख नाही, चर्चचे पाळकसाहेब नाहीत, न्यूझीलंडहून आलेले जावईसुद्धा नाहीत. एकदा डुकराचं पिल्लू बसलं होतं. पण ते त्याच संध्याकाळी जेवणात आलं, त्यामुळे ते मी धरत नाही.

मित्रांनो, आमच्या सामोआ बेटांवर माझ्यासारखी चटई मानाची असते. इआकोपो डीकनच्या आईने मला विणलं. केवड्यासारखी लांब पानं समुद्राच्या पाण्यात भिजवून, वाळवून, सुतासारखी चिरून ती दोन वर्षं रोज विणत होती. काठाला लाल पिसं लावली. पलीकडचा उजेड दिसावा इतकी मी तलम झाले. बायका हात फिरवून म्हणत, "ही चटई कसली, ही साय." लग्नांत मला मिरवलं, मयतांत पांघरलं आणि मग पेटीत घालून सगळे विसरले.

त्या गुरुवारी इआकोपोंनी गाडी चालवता चालवता मागे वळून पाहिलं. अळकुड्यांचं एक पोतं पडतंय असं त्यांना वाटलं. पोतं पडलं नव्हतं. कडेने जळण घेऊन चाललेला सेमीसी मात्र गाडीखाली आला. गावातल्या वाइओला नावाच्या बाईचा एकुलता मुलगा, एकोणीस वर्षांचा, गावच्या होडीतला पहिला वल्हेकरी. राजधानी आपियाच्या दवाखान्यातून निरोप आला की पाय राहील की कापावा लागेल, सांगता येत नाही.

अशा वेळी आमच्याकडे इफोगा करतात. अपराधी माणूस दुखावलेल्या घरासमोर गवतावर गुडघे टेकतो आणि मानाची चटई डोक्यावर घेतो. बोलायचं काही नसतं. मान खाली, वर फक्त मी. घरच्यांना वाटलं तर ते चटई उचलतात आणि सगळं मिटतं. नाही वाटलं तर कोयता घेऊन येतात. माझ्यातून कोयता सहज जातो, आणि म्हणूनच मला किंमत आहे.

चारच दिवसांपूर्वी, रविवारी, इआकोपोंनी चर्चमध्ये तासभर उपदेश केला होता: देवाच्या कृपेवर ज्याने भार टाकला, त्याला कशाचं भय? मी पेटीत होते, तरी ऐकू आलं. आवाज तसा आहे त्यांचा.

शुक्रवारी उजाडताना वाइओलाच्या घरासमोर त्यांनी मला डोक्यावर घेतलं आणि मी हादरलेच. माझ्या आणि त्यांच्या डोक्याच्या मध्ये काहीतरी कडक होतं.

शेजारी त्यांची बायको पेले गुडघे टेकून बसली होती. ती कुजबुजली, "अहो, डोकं असं उंच का दिसतंय?"

"पातेलं आहे."

"पातेलं? देवावर विश्वास आहे ना तुमचा?"

"देवावर आहे. ताउमायावर नाही."

ताउमाया म्हणजे वाइओलाचा धाकटा भाऊ. तो समोरच्या ओट्यावर, मांडीवर कोयता घेऊन बसला होता.

"काढा आधी ते. कुणी पाहिलं तर मेल्याहून मेल्यासारखं होईल."

"नुसतं मरण्यापेक्षा बरं."

"आणि संध्याकाळचा भात कशात करू?"

"संध्याकाळपर्यंत राहिलो तर सांगतो."

मित्रांनो, हसू नका. पातेलं घालून क्षमा मागणं म्हणजे त्या घराला तोंडावर खुनी म्हणणं. कळलं असतं तर क्षमा राहिली बाजूला, इआकोपोंच्या सगळ्या घराला गाव सोडावं लागलं असतं. तेही कोयत्यातून जे उरतील त्यांना.

ऊन चढलं. पातेलं तापलं. इआकोपो आत प्रार्थना करत होते, आणि ती पातेल्यात घुमून त्यांच्याच कानांवर परत येत होती. दहाच्या सुमारास ताउमाया उठला, जवळ आला आणि कोयत्याची सपाट बाजू त्याने माझ्यावर थापटली.

ठण.

सगळा गाव बघत होता. कोंबड्यासुद्धा टिपायच्या थांबल्या.

"ताई," ताउमाया म्हणाला, "बाहेर ये. या माणसाने डोक्यावर भांडं घातलंय."

वाइओला आली. डोळे सुजलेले, केस मोकळे. तिने मला दोन्ही हातांनी उचललं. खाली इआकोपो, पातेलं भुवयांपर्यंत, कान लालभडक. त्यांना वर बघवेना.

"डीकनभाऊ, हे काय?"

"तू सोडशील असं वाटलं नाही," ते म्हणाले. "रविवारी जे सांगितलं ना, ते मलाच पटलेलं नव्हतं."

तिने मला एका हातावर टाकलं. मग म्हणाली, "मी पहाटेपासून देवाला सांगतेय, मला हे जमणार नाही. तुला करायचं तर तू कर, मी नुसती दारापर्यंत जाते."

तिने पातेलं काढलं. चटका बसला, तरी काढलं. "आत या. कोकोचा भात केलाय."

"याला?" ताउमाया म्हणाला. "अगं, हा पातेलं घालून आलाय."

"मग पातेल्यासकट आत घे. धरून उठव, पाय आखडले असतील त्यांचे."

ताउमायाने कोयता गवतावर ठेवला आणि इआकोपोंच्या काखेत हात घातले.

मित्रांनो, मी वादळं पाहिली आहेत, पण एवढा धक्का कशानेच बसला नाही. सेमीसीच्या पायाचं काय झालं, ते तोवर कुणालाच कळलेलं नव्हतं. मागणाऱ्याकडे विश्वास नव्हता, देणारीकडे बळ नव्हतं, आणि तरी क्षमा झाली. ती कुठून आली ते मला दिसलं नाही. आणि मी तर त्या वेळी वाइओलाच्या हातावरच होते. मी अजून सावरलेले नाही.

पाय राहिला; बोटभर आखूड, पण होडीत चालतो. इआकोपोंचा उपदेश आता पंधरा मिनिटांत आटोपतो. मंडळी त्यालाही कृपाच मानतात.

रिवाजाप्रमाणे मी वाइओलाकडे राहिले. घड्या पडू नयेत म्हणून ती मला गादीखाली सपाट पसरून ठेवते. गादीवर सेमीसी झोपतो. तेव्हा मित्रांनो, एकमेकांना क्षमा करा, आपल्याला पेलत नसली तरी करा, जुन्या वस्तू जपा. आणि कुणी त्या बाजूला गेलात तर सेमीसीला एवढं सांगा की अंथरुणात बिस्किटं खाऊ नकोस. मुंग्या होतात.