खिंडीतला राखणदार

सिद्धगडाच्या पायथ्याशी काळूराम शेठ यांची गवताची वखार होती. सन एकोणीसशे सत्त्याण्णवच्या चैत्रात डोंगरामागे वणवा लागला. वणव्याचा स्वभाव मानवी बुद्धीस अगम्य असतो; वाऱ्याची एक झुळूक फिरली की त्याची सारी दिशा पालटते. परंतु खिंडीत पोहोचल्यावर त्यास दोनच मार्ग उरत: एक वखारीकडे, दुसरा शेठचा गडी सावळ्या राहत असे त्या वाडीकडे. तो वखारीकडे वळताच ओहोळाकाठचे गवत आपणहून पेटवावे, म्हणजे वणवा उपाशी राहून वाडीकडे जाई. मात्र वेळेआधी पेटविल्यास तीच आग वखारीवर उलटे. आणि खालून वणवा दिसत नसे. केवळ खिंड दिसे.

म्हणून शेठनी सावळ्यास काशाची थाळी देऊन खिंडीतल्या कातळावर पाठविले.

"आग माज्याकडं वळली का थाळी वाजव रे."

"आन माजी आय? आंधळी हाय, शेट. वाडीतली बाकी मानसं वीटभट्टीवर गेलीत."

"तिला रघू आनतो. तू जा."

सावळ्या गेला; शेठचा दुसरा गडी रघू याने मात्र जागचे पाऊल हलविले नाही. पलिता घेऊन तो शेठजवळच उभा राहिला.

"शेट, हा कशाला वाजवंल? वाजवली तर आग त्याच्याच म्हातारीवर जायची."

"नायच वाजवनार. म्हनून तर त्याला बसवला. आग वाडीकडं गेली तर उठून पळंल. खिंडीवर धूर येऊनबी बसून ऱ्हायला, का समज आपल्याकडं आली."

खिंडीवर धूर उसळला. सावळ्याने पाहिले, ज्वाळा वखारीच्या उतारास लागल्या होत्या. पलीकडे झोपडीच्या दारात आई एकटीच बसली होती. तिला न्यावयास कोणीही आले नव्हते. त्याने थाळी मांडीखाली दडविली व तो निश्चल बसून राहिला. आई वाचली, या विचाराने त्याच्या मुखावर समाधान पसरले.

"बसला बघ, शाना! लाव!" शेठ ओरडले.

रघूने ओहोळाकाठ पेटविला. वणवा अडला, क्षणभर घुटमळला आणि वाडीच्या उतारास वळला. सावळ्या ताडकन उठला.

"आये! भायेर पळ गो, आये!"

थाळी बडवीत तो उतारावरून धावत सुटला. त्या भयंकर नादाने म्हातारी बावरली, उठली, आणि भिंत चाचपीत झोपडीच्या आत शिरली.

सायंकाळी राख निवल्यावर रघूने विचारले, "शेट, पुढल्या साली बी यालाच बसवायचा?"

"याचा काय उपेग? याचं वाडीत आता कोन हाय?" शेठ म्हणाले. "दुसरा बघ. लेकुरवाळा बघ."