सरव्याची साक्ष

पुकारा सुलाबाईच्या नावाचा झाला आणि उठून उभा राहिला सिद्धोधन. शिपायानं त्याला हातानंच खाली बसायला सांगितलं. एका साक्षीदारानं दुसऱ्याची साक्ष ऐकायची नसते, म्हणून तो बाहेर आणि बहीण आत. सुलाबाई डोक्यावरचा पदर सावरत आत गेली, जाताना तिनं मागं वळूनही पाहिलं नाही. दार लागलं.

आता बसून राहायचं, एवढंच काम होतं आणि तेच त्याला जमत नव्हतं. अठ्ठावीस वर्षं रेल्वेत ट्रॅकमन म्हणून त्यानं रूळ तपासले होते. चालणं अंगात मुरलेलं. परभणीच्या कोर्टाच्या त्या व्हरांड्यात तो या टोकापासून त्या टोकापर्यंत जाई, दाराशी आला की कान देई, आणि पंख्याच्या घरघरीशिवाय काही ऐकू आलं नाही की पुन्हा फिरे. बाकावरचा एक म्हातारा वैतागून म्हणाला, बाबा, तुझ्या फेऱ्या बघून मलाच गरगरायलंय. सिद्धोधन दोन मिनिटं बसला. तिसऱ्या मिनिटाला पुन्हा उठला.

आत फक्त एका प्रश्नाचं उत्तर महत्त्वाचं होतं. आरोपीचा वकील विचारणार होता, बाई, तुमचा धर्म कोणता? आणि सुलाबाईनं 'बौद्ध' म्हणावं म्हणून सिद्धोधन महिनाभर तिच्या मागं लागला होता.

प्रकरण तसं साधं होतं. त्यांचं गाव चुडाव्याजवळ. सोयाबीन निघालं, मळणी झाली, की रानात गळालेल्या शेंगा आणि दाणे मागं राहतात. ते वेचायला गोरगरिबांच्या बायका जातात, त्याला सरवा म्हणतात. मालकाला विचारायची रीत नाही आणि मालकानं अडवायचीही रीत नाही. मागच्या दिवाळीच्या तोंडावर सुलाबाई चार बायकांबरोबर भगवानरावांच्या वावरात अशीच वाकून वेचत होती. भगवानरावांचा थोरला महारुद्र, याला शहरात राहून आल्यापासून सरवा म्हणजे चोरी वाटायला लागली होती. तो काठी घेऊन आला. बाकीच्या बायकांना नुसतं हाकललं. सुलाबाई म्हणाली, दादा, वेचलेलं तरी नेऊ दे. त्यावर त्यानं जातीवरून शिवी हासडली, तिची ओटी उधळून दिली आणि काठी हाणली. मनगट मोडलं.

बायका चौघी होत्या, पण पंचनाम्याच्या वेळी चौघींनाही काही दिसलं नव्हतं. कुणाला ऊन डोळ्यांवर आलं होतं, कुणाची पाठ होती. गावात मजुरीला जायचं तर त्याच वावरांत जायचं, त्यांना तरी नावं कशी ठेवणार? धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, येणाऱ्या सिद्धोधननं मात्र सगळं पाहिलं होतं. तो एकटाच साक्षीदार.

भगवानराव माणूस मवाळ. ते दंडेली करत नाहीत, माणसं पाठवतात. त्यांनी पूर्ण्याच्या पास्टर शांतवन यांना गाठलं. कारण सुलाबाई कित्येक वर्षं त्यांच्या प्रार्थनेला जात होती. नवरा दारूत बुडाला होता. तो तिथं जाऊन सुटला आणि मरायच्या आधीची चार वर्षं माणसासारखा जगला. तो गेल्यावर, दोन वर्षांपूर्वी, तिनं बाप्तिस्मा घेतला. सिद्धोधन रविवारी विहारात सगळ्यांकडून वंदना म्हणवून घेणारा माणूस. बापानं नागपूरहून आणलेली दीक्षा सख्ख्या बहिणीनं सोडली म्हणून सहा महिने त्यानं तिच्या घरचं पाणी घेतलं नाही. ज्यांच्या हातचं पाणी कुणी घेत नव्हतं त्यांच्याच घरात ही तऱ्हा!

सरव्यावरूनही दोघांचं वाजायचं. सुलाबाई म्हणे, बायबलात हाय, मालकानं रानाचे कोपरे कापू नयेत, पडलेलं उचलू नये, तो गरिबाचा वाटा देवानंच ठेवलाय. सिद्धोधन म्हणे, देव कशाला मधी आणतीस, माणूस म्हणून जन्मलीस तो तुझा हक्क हाय, कुणाची मेहरबानी न्हाई. वाटा कुणी दिला यावर पटत नव्हतं. वाटा आहे, यावर दोघंही ठाम.

तर पास्टर सुलाबाईच्या घरी आले. चांगला माणूस, आवाज हळू. क्षमा कर म्हणाले, मनातलं विष काढून टाक म्हणाले. सिद्धोधन तिथंच होता. तो उसळला. क्षमा कायम मार खाणाऱ्यालाच का शिकवता, एकदा मारणाऱ्याच्या घरी जाऊन पश्चात्ताप शिकवा की, असं तो बोलला आणि पास्टरांनी खाली मान घातली. मग तडजोडीचा कागद निघाला. सुलाबाईनं तो पोरीकडून वाचून घेतला. गैरसमजातून तक्रार झाली, मारहाण झालीच नाही, असं त्यात होतं.

"मी त्याला माफ कवाच केलंय," ती म्हणाली. "पण त्यानं मारलंच न्हाई, असं मी कसं लिहून दिऊ? माफी खऱ्या गोष्टीची असती. खोट्याची कशी असंल?"

पास्टरांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि तुझं बरोबर आहे म्हणाले. त्या दिवशी सिद्धोधनला बहिणीचा इतका अभिमान वाटला की त्यानं तिच्या हातचा चहा मागून घेतला.

अडचण पुढं आली. सरकारी वकीलबाईंनी महिन्यापूर्वी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, की अॅट्रॉसिटीचं कलम अनुसूचित जातीतल्या बौद्ध माणसाला लागू होतं, ख्रिस्ती झालेल्याला लागू होणं अवघड. समोरच्या वकिलाला प्रार्थनेची कुणकुण लागली आहे. पुरावा नाही, पण तो विचारणार. कलम गेलं तर साध्या मारहाणीचा खटला उरेल. बाईंनी खोटं बोला असं म्हटलं नाही. नुसतं सांगितलं आणि फाईल उघडून बसल्या.

तेव्हापासून सिद्धोधनची झोप गेली. दाखल्यावर बौद्ध आहे, तेच सांग, त्यात खोटं काय, असं तो तिला समजावू लागला. ती म्हणे, दाखल्याला न्हाई विचारणार, मला विचारणार. तो म्हणे, हा अन्यायाचाच कायदा हाय, आपण देव बदलला म्हणून शिवी बदलती का? ती म्हणे, मग हेच सांगू की कोर्टात. तो कपाळाला हात लावी. रविवारी विहारात चौथं शील म्हणताना, खोटं बोलण्यापासून अलिप्त राहीन हे शब्द आले की त्याची जीभ जड व्हायची. पण महारुद्र गावात छाती काढून फिरताना दिसला की ती पुन्हा हलकी व्हायची.

आज सकाळी पॅसेंजरमध्ये, पूर्णा सोडल्यावर, त्यानं शेवटचं केलं. भरल्या डब्यात वाकून मोठ्या बहिणीचे पाय धरले. सुलाबाईनं पाय ओढून घेतले. परभणी येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत राहिली, हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही.

दार उघडलं. या वेळी पुकारा त्याचा होता.

आत गेल्या गेल्या त्यानं तिला शोधलं. साक्ष झाली होती, ती मागच्या बाकावर बसली होती, प्लास्टर काढल्यावर वाकडंच राहिलेलं मनगट दुसऱ्या हातात धरून. तिनं वर बघावं म्हणून तो क्षणभर थांबला. तिनं बघितलं नाही. शिपायानं पाठीला हात लावून त्याला पिंजऱ्याकडं वळवलं.

कारकून सवयीनं म्हणाला, ईश्वराची शपथ घेऊन सांगतो. सिद्धोधननं त्याला थांबवलं. देवाची शपथ घेत नाही, गांभीर्यानं प्रतिज्ञा करतो, खरं सांगेन. देव मानत नाही, खरं तेच बोलतो, हे तो आयुष्यभर ताठ मानेनं सांगत आला होता. आज त्यातला 'खरं' हा शब्द त्यानं भराभर उरकला.

सरकारी वकीलबाईंचं पटकन झालं. काठी, शिवी, मनगट, कोण कुठं उभं होतं, सगळं त्यानं न अडखळता सांगितलं. मग दुसरा वकील उठला. धुरा किती लांब, चष्मा केव्हा लागला, असं इकडचं तिकडचं विचारून तो सावकाश मुद्द्यावर आला.

"तुमच्या बहिणीनं दोन वर्षांपूर्वी बाप्तिस्मा घेतला. खरं की खोटं?"

पंखा फिरत होता. पुढच्या बाकावर भगवानराव मांडीवर टोपी ठेवून बसले होते, शेजारी महारुद्र. 'खोटं' हा शब्द ओठांवर तयार होता, महिनाभर घोटलेला. आणि ऐन वेळी त्याच्या मनात आलं, आक्का आत काय बोलली असेल? ज्या बाईनं तडजोडीचा कागद परत केला, ती देवाची शपथ घेऊन खोटं बोलेल? शक्यच नाही. ती खरंच बोलली असणार. आणि आता सख्ख्या भावानंच 'खोटं' म्हटलं तर भर कोर्टात तीच लबाड ठरणार. ज्या बाईला खोटं लिहून देता आलं नाही, तिलाच.

न्यायाधीश म्हणाले, उत्तर द्या.

"खरं हाय," सिद्धोधन म्हणाला. "घेतलाय तिनं. पण साहेब, ह्यानं काठी उचलली तवा कुठं प्रार्थनेला जातीस म्हणून इचारलं न्हवतं. जी शिवी माझ्या आजीला दिली, आईला दिली, तीच दिली. त्या शिवीसाठी आमी कोण हाव हे त्याला पक्कं ठाऊक होतं. कायद्यालाच कसं ठाऊक न्हाई?"

महिन्यात पहिल्यांदा त्यानं पोटभर श्वास घेतला.

वकील मात्र हसला. टेबलावरचा कागद उचलून न्यायाधीशांकडं वळला. फिर्यादीनं आताच सांगितलंय, म्हणाला, की मी जन्मापासून बौद्ध, बाप्तिस्मा घेतलेला नाही. आता भाऊ म्हणतो घेतलाय. दोघांपैकी कोण खोटं बोलतं, ते त्यांनीच ठरवावं.

सिद्धोधननं कठडा घट्ट धरला. मागच्या बाकावर सुलाबाई उभी राहिली होती. कुणी बोलावलं नव्हतं, शिपाई बसा बसा करत होता.

"त्याचं खरं हाय साहेब," ती म्हणाली. "मीच खोटं बोलले."

न्यायाधीशांनी तिला बसायला सांगितलं आणि ते बराच वेळ लिहीत राहिले. पुढची तारीख पडली. बाहेर आल्यावर सरकारी वकीलबाई चिडून म्हणाल्या, दोघांनी एकच काहीतरी बोलायचं होतं, खरं तर खरं, नाहीतर दुसरं. आता कलम टिकेल असं वाटत नाही. आणि खोट्या साक्षीचं निघालं तर ते वेगळंच, मारहाणीचं तरी वाचतंय का बघते. त्या गेल्या. भगवानराव जवळून जाताना थांबले आणि मवाळ आवाजात म्हणाले, सुलाबाई, बघा, अजून तडजोड होऊ शकती. सुलाबाईनं त्यांना, एकदा 'मी मारलं' असं तुमच्या लेकाला म्हणायला सांगा, एवढंच उत्तर दिलं. ते टोपी घालून गाडीकडं गेले.

दोघं कडुलिंबाखालच्या ओट्यावर बसली. आता उठून फेऱ्या माराव्यात असंही सिद्धोधनला वाटेना.

"आक्का, तू कामून असं बोललीस?"

"तू रेल्वेत सगळ्यांदेखत पाय धरलेस. मला ते बघवंना." तिनं पदर मनगटावर ओढला. "आज माझ्या देवासमोर मी खोटी पडले. तुझ्यासाठी पडले. आता तू सांग, तू कामून खरं बोललास?"

"मला वाटलं, तू खरंच बोलली असशील. तू कधी खोटं बोलत न्हाईस."

सुलाबाईनं त्याच्याकडं बघितलं. सकाळपासून पहिल्यांदा सरळ बघितलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, आणि असता तर त्याला बरं वाटलं असतं.

"सिद्धू," ती म्हणाली, "मला एवढी खरी समजत होतास, तर महिनाभर खोटं बोलायला का शिकवलंस?"