दोन वेळचं पाणी

मी झारी. पत्र्याची, पोट सुटलेली, लांब नळीची. मागच्या दाराशी, स्वयंपाकघराच्या खिडकीखाली माझी खुंटी आहे. त्यामुळे आत काय शिजतंय आणि कुणाचं कुणाशी बिनसलंय, दोन्ही मला आधी कळतं. ऐकायची हौस आहे, खोटं कशाला बोलू!

एका पत्रेवाल्याने मला ठोकून ठोकून घडवलं आणि या घरच्या मालकांनी विकत घेतलं. मालक अबोल. बाग म्हणावी तर पंधरा पावलांचं परसू. चार गुलाब, पुदिना आणि एका मोठ्या कुंडीत अंजीर. अंजिरावर त्यांचा भारी जीव. पहिलं पिकलेलं फळ बायकोच्या हातावर, दुसरं सुनेच्या, आणि तिसरं पाखरांनी आधीच उडवलेलं असायचं.

थंडी पडली की अंजिराची पानं गळत. मग मालक मला जे खुंटीला अडकवत, ते गुलाबापुरतंच खाली काढत. बायको म्हणे, "गारठा पडला की झाले हे आळशी!" मालक नुसते हसत. समजावून सांगणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. तेवढं एक चुकलं त्यांचं.

यंदा थंडी सुरू व्हायच्या आतच मालक गेले.

मुलगा कामासाठी दूरगावी, महिन्यातून दोनदा येणारा. घरात उरल्या दोघी, सासूबाई आणि सूनबाई. भांडण नव्हतं हो, पण बोलणंही कामापुरतंच. "दूध तापवलंय." "बरं." संपलं! लेकीचा फोन आला की मात्र सासूबाईंचा आवाज चढे. "येईन गं तुझ्याकडे. इथं माझ्यावाचून कुणाचं अडलंय? यांचं अंजीर तेवढं आहे. ऊन तापायला लागलं की फुटतं ते. फुटलं तर राहीन, नाही तर समजेन, इथलं माझं दाणापाणी संपलं."

एकदा हे बोलणं चाललं होतं तेव्हा सूनबाई आत भांडी घासत होती. भांड्यांचा आवाज एकदम थांबला.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी फर्मान काढलं, "त्या झाडाचं मी बघेन. कुणी हात लावू नका." सकाळी त्या मला अर्धी भरत, दोन खेपा करत आणि गुलाबांना शिंपडून उरलेलं सगळं पाणी अंजिराला. पानं गळू लागली तशा तीन खेपा झाल्या. संध्याकाळी सूनबाई कामावरून येई, तेव्हा सासूबाई देवळात गेलेल्या असत. चप्पलही न काढता मागच्या दारी येऊन मला काठोकाठ भरी आणि तीही अंजिरालाच घाली. "आईंना कुठे झारी उचलवतेय, वाटीभर ओतत असतील," असं पुटपुटे. माती ओली लागली तरी तिला वाटे, गारठ्याची ओल असेल.

मी काय करणार? लोक म्हणतात, अमकीच्या पोटात काही राहत नाही. माझ्याही राहत नाही, पण बाहेर येतं ते पाणीच!

थंडी सरली. रजया उन्हात पडल्या, स्वेटर ट्रंकेत गेले, खिडक्या उघडल्या. गुलाबाला लालसर पालवी आली, पुदिना कुंडीबाहेर सांडला. अंजीर तेवढं काठीसारखं उभं. सासूबाईंनी पलंगाखालची बॅग पुसून काढली.

त्या सुट्टीच्या सकाळी सासूबाईंनी मला उचललं आणि त्याच वेळी दुसरा हात माझ्या कडीवर पडला.

"तू कशाला?"

"रोजच घालते मी. संध्याकाळी."

"रोज? अगं, मी रोज सकाळी घालतेय! तीन-तीन खेपा!"

दोघी कुंडीकडे बघत राहिल्या. मग कुंडी आडवी करून झाड बाहेर काढलं. मुळं काळी, लिबलिबीत, आणि कुजका वास. सासूबाई पायरीवरच बसल्या. "हे थंडीत झारी खुंटीला लावायचे गं. मी आळशी म्हणायचे. झाड झोपायचं, म्हणून पाणी बंद. आणि मी त्याला बुडवलं."

"आपण बुडवलं," सूनबाई म्हणाली.

"पण तू का घालत होतीस? तुला तर बागेचा कंटाळा."

"ते फुटलं नाही तर तुम्ही जाणार होतात ना."

सासूबाईंनी मुळांवरची माती झटकली. मग नाक ओढून म्हणाल्या, "रडतेस काय, सुरी आण. पांढरी मुळं असतील तेवढी वाचवू. आणि आता हात आवर तुझे!"

"तुम्ही तुमचे आवरा, आई."

कुजकं कापलं, कोरडी माती भरली, झाड पुन्हा लावलं. आता रोज संध्याकाळी दोघी चहा घेऊन कुंडीशेजारी बसतात. आठवड्यातून एकदा सासूबाई नखाने बुंधा जरासा खरवडतात. सालीखाली हिरवं दिसतं. लेकीचा फोन येतो.

"नाही गं, अजून नाही फुटलं," सासूबाई सांगतात. "सुकलंय असंही म्हणता येत नाही. अजून आठ दिवस बघते."

असे आठ दिवस पाचव्यांदा झालेत. बॅगेत आता कांदे ठेवलेत.

मी बहुतेक रिकामीच असते. माझ्या नळीत कोळ्याने घर केलंय, करू दे. तुम्हाला एकच विनंती. कधी आमच्या मागच्या दारी आलात, तर "हे वाळकं लाकूड कशाला ठेवलंय?" असं विचारू नका. आणि दया आली, तरी त्याला पाणी तर मुळीच घालू नका.