सप्टेंबरपर्यंत उघडू नये

"कंपनीचं पत्र आणा, मग कामाची परवानगी देऊ," परदेशी विद्यार्थ्यांच्या खिडकीतल्या बाई म्हणाल्या.

"कंपनी म्हणते, परवानगी दाखवा, मग पत्र देऊ."

"त्यांना सांगा, आधी पत्र लागतं."

"सांगितलं. तीनदा."

बाईंनी चष्मा पुसला. "दरवर्षी दोघं-तिघं असे येतातच बघा," त्या हळहळून म्हणाल्या, आणि मागच्याला पुढे बोलावलं.

ती बाहेर आली, तेव्हा पायऱ्यांवर दाढी थांबला होता; सगळे त्याला याच नावाने हाक मारत. तो तिच्याच देशातला, तिच्याच प्रयोगशाळेतला, तिच्याहून एक वर्ष पुढे.

"लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही," सगळं ऐकून तो म्हणाला. "तरी सांगत होतो, अर्जात 'परवानगी लागेल का' विचारतात तिथे 'नाही' लिही. आधी आत तर घुसायचं."

"लागते ना पण."

"हो गं, सत्याची पुतळी."

एकेचाळीस अर्जांत तिने 'हो' लिहिलं होतं. चाळीस नकार आले, काही तर अर्ज पाठवून चहा निवायच्या आत. उरली एक औषध कंपनी. तिथल्या शास्त्रज्ञाने एका परिषदेत तिच्या पोस्टरपाशी वीस मिनिटं काढली होती आणि जाताना म्हटलं होतं, "उन्हाळ्यात आमच्याकडे या." पुढच्या वर्षी पीएच.डी. संपणार, पाठोपाठ व्हिसा. इथल्या कामाचा एकही उन्हाळा गाठीशी नसेल, तर नोकरीसाठी तिला कुणी दारात उभं करणार नव्हतं.

दुपारी कंपनीचा मेल आला. जागा भरली होती. शुभेच्छा होत्या.

तेवढ्यात आईचा फोन. "कंपनीत जायची बॅग भरलीस का? बाबांचं सगळ्या शेजाऱ्यांना सांगून झालंय."

"भरतेय," ती म्हणाली.

मग ती प्रयोगशाळेतल्या गोठणपेटीकडे गेली. कंपनीचा तोंडी होकार आला त्याच दिवशी तिने तीन वर्षं वाढवलेल्या पेशी बारा कुप्यांत गोठवल्या होत्या. वाढत्या पेशी ठेवल्या तर दर दोन दिवसांनी त्यांना खायला घालणार कोण? म्हणून उरलेल्या तिने टाकून दिल्या, पेशी वाढवायच्या उबदार कपाटातला, उबवणीतला, आपला खण दाढीला दिला आणि डबीवर लिहिलं: सप्टेंबरपर्यंत उघडू नये. पेशी गोठवल्या की एक कुपी लगेच वितळवून तपासायची, मगच बाकीच्या टाकायच्या, हे प्रयोगशाळेत नव्याने येणाऱ्यांना तीच शिकवायची. त्या दिवशी मात्र ती गाणं गुणगुणत होती.

तिने एक कुपी कोमट पाण्यात धरली. बर्फाचा शेवटचा कण विरला. थेंबभर निळा रंग घालून तिने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. मेलेल्या पेशी रंग पितात, जिवंत स्वच्छ राहतात. सगळीकडे निळं होतं. शंभरांत नऊ स्वच्छ.

पहिल्या मोजणीवर तिचा कधीच विश्वास नसे. तिने पुन्हा मोजलं. आठ.

वहीत तिने तारीख घातली, आकडा लिहिला. दुसरी कुपी उघडली. तिच्यात सहा.

दोन्हींतल्या पेशी एकत्र करून तिने सर्वांत लहान ताटलीत ठेवल्या आणि ताटली घेऊन उबवणीपाशी गेली. दाढी आपल्या ताटल्या लावत होता.

"कोपऱ्यात एवढीशी जागा देशील?"

त्याने ताटलीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. थट्टा केली नाही. आपल्या ताटल्या एकीवर एक चढवून त्याने कोपरा मोकळा केला.

"किती दिवस?"

"जगल्या तर उन्हाळाभर," ती म्हणाली, आणि दार हळूच लावून घेतलं.