कामास योग्य

कुशाबा गेला तेव्हा बेचाळीस वर्षांचा होता. त्यातली एकवीस वर्षं त्याने लालबागच्या एका मिलच्या कार्डिंग खात्यात काढली होती. कापूस पिंजून त्याचे पेळू करायचं ते खातं. तिथून घरी येणाऱ्या माणसाच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असायच्या. त्याची बायको रखमा चाळीत तिसऱ्या मजल्यावर खानावळ चालवायची. संपाआधीची चार वर्षं कुशाबा जिना चढताना प्रत्येक मजल्यावर थांबायचा. एकदा कठड्याला धरून त्याने विचारलं होतं, "गे, जिन्याच्या पायऱ्यो वाढल्यो काय?" रखमा हसली होती. ते हसणं तिला पुढे जन्मभर छळत राहिलं.

मिलच्या दवाखान्यात शामराव डॉक्टर बसायचे. आजारपणाची सुट्टी मागायला आलेल्याच्या छातीला ते नळी लावत, दोनदा श्वास घ्यायला सांगत आणि चिठ्ठी लिहीत: 'कामास योग्य'. एक प्रत टाइमकीपरला, एक कामगाराच्या हातात. कुशाबाला अशा अकरा चिठ्ठ्या मिळाल्या. शेवटची नोव्हेंबर एक्याऐंशीची. जानेवारीत संप सुरू झाला आणि मिल बंद पडली ती पडलीच. खानावळीत जेवणारे चौदा जण एकेक करून गावाला गेले. कुशाबा राहिला, कारण बोटीचा सोडाच, एसटीचाही प्रवास त्याला झेपला नसता. शेवटचे तीन महिने त्याला आडवं होता येत नव्हतं. खिडकीच्या गजांना कपाळ टेकून तो बसल्याबसल्या झोपायचा. पंच्याऐंशीच्या श्रावणात तो असाच बसलेला असताना गेला.

दाखल्यावर मरणाचं कारण आलं, 'हृदयक्रिया बंद'. रखमाने खिडकीतल्या कारकुनाला विचारलं की हृदयक्रिया बंद न पडता आजवर कोण मेलंय. त्याने पुढच्या माणसाला हाक मारली.

नऊ वर्षं ती चार डबे करून जगली. मग चौऱ्याण्णव साली दादरच्या मृणालिनी नावाच्या डॉक्टरीणबाई चाळीत आल्या. कोणत्या आजाराने वस्तीतली किती माणसं मेली, किती अधू झाली, हे मोजायचं काम त्यांनी घेतलं होतं. गिरणगावातली दारं ओळखणारी, लिहिता-वाचता येणारी बाई त्यांना हवी होती. रखमा सातवी पास होती आणि कोणाच्या ताटात कधीपासून भात उरायला लागला हेसुद्धा तिच्या लक्षात होतं.

मृणालिनीबाईंनी तिला पद्धत शिकवली. मरणं नुसती डोक्यांनी मोजायची नाहीत, वर्षांनी मोजायची. माणूस अजून किती जगायला हवा होता, तेवढी वर्षं गेली असं धरायचं. जो अधू होऊन जगला, त्याचं प्रत्येक वर्ष आजाराच्या मानाने थोडं कापून धरायचं. घरच्यांना विचारायचं: खोकला किती वर्षं होता, रविवारच्या सुट्टीनंतर सोमवारी छाती जास्त आवळायची का, किती पायऱ्या चढवत होत्या. सोमवारी आवळणारी छाती ही कापसाच्या धुळीच्या आजाराची खूण होती.

स्वतःच्या घरातला फॉर्म स्वतः भरायचा नाही, असा नियम होता. म्हणून कुशाबाचा फॉर्म मृणालिनीबाईंनी भरला. मेल्यामुळे गेलेली वर्षं अठ्ठावीस. दम लागत काढलेली आठ वर्षं, त्यांची धरली तीन.

"आठाची तीन कशी?" रखमाने विचारलं. "त्याच आठ वर्षांत मी त्याला पाठीवर घेऊन संडासाला नेलाय."

"ते या आकड्यात मावत नाही, रखमाबाई," त्या म्हणाल्या. "पण तीन मावतात. आजवर तिथे शून्य होतं."

शून्य कोणी लिहिलं होतं ते रखमाला माहीत होतं. शामराव डॉक्टरांचा आता हिंदमाता टॉकीजजवळ स्वतःचा दवाखाना होता. त्याच सुमारास आणखी एक गोष्ट तिच्या कानावर आली. जुन्या कामगारांचे छातीच्या आजाराचे दावे तपासायला तीन डॉक्टरांची समिती नेमली होती, आणि मिलचा अनुभव दांडगा म्हणून शामराव तिच्यात होते. एका आठवड्यात त्यांनी नऊ दावे खोटे ठरवले होते. मृणालिनीबाईंची मोजणी याच समितीपुढे जाणार होती.

तेव्हापासून रखमाचं फॉर्म भरणं बदललं. खरे आजारी होतेच, पण तिला ते कमी वाटायला लागले. आकडा एवढा मोठा व्हायला हवा होता की त्याच्याखाली तो माणूस दबून जावा. कोणी क्षयाने गेला असेल तर ती धूळ लिहायची. कोणी दारूने गेला असेल तरी धूळच. सोमवारी छाती आवळायची का? होय. तिला त्यात खोटं वाटत नव्हतं. संप झाला नसता तर माणूस प्यायला कशाला लागला असता, असं ती स्वतःशी म्हणायची.

दर दहा फॉर्मांमागे एक घर मृणालिनीबाई स्वतः जाऊन तपासत. सुंदराबाईच्या दारात त्या गेल्या आणि नवरा दौलत कशाने गेला ते विचारलं. सुंदराबाईने सरळ सांगितलं की काविळीने, पिऊन पिऊन. छातीचं दुखणं त्याला कधीच नव्हतं. मग बाकीची सगळी घरं तपासली. दोनशे चौदांपैकी तेहतीस फॉर्म चुकीचे निघाले आणि नियमाप्रमाणे रखमाने भरलेले सगळेच रद्द झाले.

मृणालिनीबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी गठ्ठा टेबलावर ठेवला. "तुम्ही त्यांना सोडवलंत, रखमाबाई," त्या म्हणाल्या. "शामराव डॉक्टरांनी फक्त दौलतचा फॉर्म दाखवला असता. त्या एका फॉर्मापायी तुमचे एकशे एक्याऐंशी खरे फॉर्म मातीमोल झाले."

सुंदराबाईने त्यापेक्षा वाईट बोलून दाखवलं. रखमा तिची माफी मागायला गेली तेव्हा ती तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही. "तो कसाही असो, माझा नवरा होता," ती म्हणाली. "त्याचं मरण तू का बदललंस?"

घरी येऊन रखमाने दोन दिवस चूल पेटवली नाही. तिला पश्चात्ताप झाला असं म्हणता येणार नाही. आपण त्या माणसाला वाट करून दिली याचा संताप मात्र तिला जाळत होता. तिसऱ्या दिवशी ती दादरला गेली आणि म्हणाली की सगळी घरं पुन्हा करते. बरोबर दुसरी बाई द्या, प्रत्येक फॉर्मावर दोघींच्या सह्या घ्या. आणि फॉर्मात एक रकाना वाढवा. मिलच्या डॉक्टरची शेवटची चिठ्ठी कोणत्या तारखेची, आणि माणूस गेला कोणत्या तारखेला.

मृणालिनीबाईंनी कोऱ्या फॉर्मावर पेन्सिलीने एक रकाना आखला. रकाना रास्त आहे, असं त्या म्हणाल्या.

सात महिने लागले. या वेळी रखमा एखाद्या सोनारासारखी चोख वागली. खात्री नसेल तिथे तिने 'माहीत नाही' लिहिलं. कोणी बायका आपणहून धुळीचं नाव घ्यायला लागल्या तर ती त्यांना थांबवून पुन्हा विचारायची. चाळीचाळींतून ट्रंका उघडल्या गेल्या. रेशनकार्ड, लग्नाचे फोटो, मिलचा बिल्ला, आणि तळाशी घडी घातलेल्या चिठ्ठ्या. धुळीची मरणं एकसष्ट भरली. त्यातल्या सदतीस जणांच्या चिठ्ठ्या सापडल्या. सगळ्यांवर एकच सही होती. दहा जण चिठ्ठीनंतर वर्षाच्या आत गेले होते.

परळच्या एका सभागृहात समितीपुढे तो तक्ता ठेवला गेला. तक्त्यात नावं नव्हती. शामरावांनी तो वाचून विचारलं की या तारखांना पुरावा काय. मागच्या रांगेतून रखमा उठली आणि सदतीस चिठ्ठ्या तिने अध्यक्षांच्या टेबलावर ओळीने मांडल्या. अध्यक्ष म्हातारे होते. त्यांनी प्रत्येक चिठ्ठी चष्म्याजवळ नेऊन पाहिली आणि मग शामरावांकडे सरकवली. पहिल्या पाच-सहा शामरावांनी पाहिल्या. पुढच्या नुसत्याच हातातून जाऊ दिल्या. दिवसाला तिघांपेक्षा जास्त जणांना सुट्टी देऊ नका असा मिलचा हुकूम होता, असं ते म्हणाले. लेखी आहे का, अध्यक्षांनी विचारलं. लेखी नव्हतं. पुढच्या बैठकीला शामराव आले नाहीत. त्यांनी राजीनामा पाठवला होता.

मृणालिनीबाईंच्या मते काम इथे संपलं. फेटाळलेले दावे पुन्हा उघडले गेले, त्यातले बरेचसे मान्यही झाले. रखमाचं संपलं नव्हतं.

चिठ्ठ्या परत मिळाल्यावर तिने त्या ज्याच्या-त्याच्या बायकोला दिल्या आणि क्रम लावून दिला. रोज एकीने हिंदमाताच्या दवाखान्यात जायचं. नंबर लावायचा, इतर पेशंटांसारखं बाकावर बसायचं. नंबर आला की चिठ्ठी टेबलावर ठेवून म्हणायचं, डॉक्टर, हे वाचून दाखवा. भांडायचं नाही, रडायचं नाही. वाचून झालं की उठून यायचं.

पहिल्या दिवशी गंगुबाई गेली. शामरावांनी वाचलं. दुसऱ्या दिवशीही वाचलं. चौथ्या दिवशी कंपाउंडर दारातच अडवायला लागला, तेव्हा बाकावरचे पेशंट काय झालं म्हणून विचारू लागले आणि बायकांनी त्यांना सांगितलं. हळूहळू बाक रिकामा होत गेला. एकोणिसाव्या दिवशी दवाखाना उघडलाच नाही.

रखमाने स्वतःचा नंबर सदतिसावा ठेवला होता. सगळ्या वाचून झाल्या की शेवटची कुशाबाची, असं तिच्या मनात होतं. आता ती वेळ येणार नव्हती. ती पंधरा दिवस थांबली, मग पत्ता काढून गिरगावात खोताच्या वाडीजवळ त्यांच्या घरी गेली.

दार शामरावांच्या बायकोने उघडलं. साठीची, बारीक चणीची बाई. हे मुलाकडे बडोद्याला गेलेत, आता तिथेच राहणार, तिने सांगितलं. मीही महिनाअखेर जाणार. मग तिने आत बोलावून पाणी पुढे केलं. रखमाने तांब्याला हात लावला नाही. तिने चिठ्ठी काढली आणि उभ्या उभ्या स्वतःच वाचली. कुशाबाचं पूर्ण नाव, खातं, तारीख, 'कामास योग्य', आणि खाली न लिहिलेली मरणाची तारीख.

बाई ऐकून घेत होती.

"यात माझा काय अपराध?" तिने विचारलं.

"काहीच नाय," रखमा म्हणाली. "त्यांना सांगा, रखमा येऊन गेली."

आणि ती जिना उतरली. खाली आल्यावर आपल्याला हलकं वाटेल अशी तिची समजूत होती. तसं काही वाटलं नाही. ती गिरगावातून लालबागपर्यंत चालत आली, आणि वाटेभर बडोद्याला कोणती गाडी जाते याचा विचार करत होती.