हिम्मतरावांची भट्टी

तारनाक्याच्या हिम्मतरावांनी उभ्या जन्मात बंदूक धरली नव्हती. रेल्वेच्या भांडार खात्यात बत्तीस वर्षं स्क्रू, वायसर आणि रंगाचे डबे मोजले आणि निवृत्त झाले. पण फौजी बिल्ल्यांचा विषय निघाला की गडी असा बोलायचा, जणू निजामाचा अख्खा रिसाला यांनीच घोड्यावर चढवला होता. घरात काचेच्या तीन पेट्या भरून टोपीवरचे, पगडीवरचे, खांद्यावरचे पितळी बिल्ले होते. त्यांना हात लावायची बायकोला, म्हणजे रजनीकाकूंना, बंदी होती. बाकीचं घर पुसायला मात्र पूर्ण मुभा होती.

खरी मर्दुमकी चालायची ती मोबाइलवर. ‘दख्खनचे बिल्ले’ नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप, त्यात नांदेडपासून नाशिकपर्यंतची अडीचशे अनोळखी माणसं. कोणी आजोबांच्या ट्रंकेत बिल्ला सापडला म्हणून पुढून-मागून फोटो टाकायचा आणि हात जोडून विचारायचा, सर, खरा आहे का? हिम्मतराव सकाळी उप्पिट खाताखाता एका हातानं निकाल द्यायचे. नकली वाटला तर एकच शब्द: ‘भट्टी!’ म्हणजे कालपरवा भट्टीत ओतून काढलेला माल. दहातल्या आठांना हाच प्रसाद मिळायचा. खऱ्याला खरा कोणीही म्हणतो हो. नकली म्हणणाराच जाणकार वाटतो. आणि लोक तरी कसले! ज्याच्या आजोबांना यांनी खोटं पाडलं, तोच खाली लिहायचा, धन्यवाद सर, डोळे उघडले.

अशातच त्रिवेणीबाईंचा फोटो आला. बाई गौलीगुड्यातल्या, जामबागेत मराठी शाळेत जन्मभर गणित शिकवलेल्या. त्यांचे आजोबा निजामाच्या रिसाल्यात स्वार होते, असं घरात सांगत आले होते. कागद नाही, पत्र नाही. पुरावा म्हणाल तर हा एवढा बिल्ला. मागची एक कडी तुटलेली आणि तिच्या जागी तांब्याच्या तारेचे तीन वेढे. ती तार आजोबांनीच बसवली होती म्हणे. हिम्मतरावांनी तोंडातला घास गिळायच्या आत लिहिलं: ‘फौजेच्या बिल्ल्याला तांब्याची तार कुठून येणार, बाई? भट्टी!’ खाली बावीस जणांनी अंगठे वर केले.

बाईंनी ‘बरं सर’ एवढंच लिहिलं. पुढच्या महिन्यात घरातलं जुनं पितळ मोडीत निघालं. फुटका तांब्या, समईचा दांडा, त्यात सुनेनं तो बिल्लाही टाकला. बाईंनी अडवलं नाही. खोट्या आजोबांसाठी भांडायचं कोणाशी? रात्री नातीला त्या आजोबांच्या घोड्याची गोष्ट सांगायच्या, तीही त्यांनी बंद केली.

चार महिन्यांनी हिम्मतराव जुन्या मालाच्या जुमेरात बाजारात हिंडत होते. एका म्हाताऱ्या मियाँनी पोत्यावर गंजकी कुलपं मांडली होती, त्यांत एक बिल्ला दिसला. यांनी तो उचलला, उलटा केला, भिंग लावलं, आणि परत खाली ठेवलाच नाही. मियाँ म्हणाला, देख लेव साब, पुराना माल है. एरवी कोथिंबिरीच्या जुडीसाठी हुज्जत घालणारा हा माणूस, पण त्या दिवशी घासाघीस केली नाही.

घरी येऊन नऊ फोटो काढले आणि ग्रुपवर लांबलचक लेख लिहिला. असा नग जन्मात एकदाच मिळतो. मागची तार बघा. मोहिमेवर कडी तुटली असणार आणि त्या स्वारानं आपल्या हातानं तार गुंडाळली असणार. भट्टीवाल्यांना हे सुचायचं नाही; ही तार हाच खरेपणाचा दाखला. लोक खूश. रविवारी कोठी भागातल्या एका हॉलमध्ये बिल्ल्यांचं प्रदर्शन होतं. तिथे हा बिल्ला मधोमध मांडायचा आणि सरांनी त्यावर भाषण करायचं, असं ठरूनही गेलं.

संध्याकाळी त्रिवेणीबाई ग्रुपवर आल्या. सुनावलं काही नाही. तो जुना निकाल शोधून वर आणला, आपल्या बिल्ल्याच्या फोटोसकट, आणि खाली विचारलं: ‘सर, वेढे मोजून घ्याल का?’

हिम्मतरावांनी मोजले. तीनच होते. आता आली का पंचाईत! धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. बिल्ला खरा म्हणावा, तर तेव्हा अक्कल पाजळली ती चुकीची. खोटा म्हणावा, तर भर बाजारात बनले. रजनीकाकू म्हणाल्या, चुकलो म्हणा आणि मोकळे व्हा, कैकू परेशान होताय? पण ते म्हणायला हिम्मत लागते, आणि यांच्याकडे ती फक्त नावात होती.

पडलो तरी नाक वर! त्यांनी लिहिलं: ‘शाब्बास त्रिवेणीताई! कोण पकडतं, तेच बघत होतो. सभासदांची परीक्षा घेतली. बिल्ला अर्थातच भट्टी.’ ग्रुप नुसता गहिवरला. नांदेडच्या एकानं लिहिलं, असे गुरू मिळायला भाग्य लागतं. हिम्मतरावांनी घाम पुसला. भाषण गेलं तर गेलं, नाव तर राहिलं. बिल्ला काय, पेटीत घालून एकट्यानं बघता येईल.

तेवढ्यात बाईंचं उत्तर आलं. ‘भट्टीचाच आहे तर तुमच्या पेटीत जागा कशाला अडवायची? खोटा असला तरी आमच्या घरातला आहे. मोडीच्या भावानं पैसे देते. उद्या अकराला येते.’ त्यावर दीडशे अंगठे वर झाले. आता नाही म्हणायची सोय कुठे होती?

बाई अकराच्या ठोक्याला आल्या. काकूंनी चहा दिला. हिम्मतरावांनी कापसात गुंडाळलेला बिल्ला दोन्ही हातांनी पुढे केला आणि न राहवून बोलून गेले, "चिंच लावून घासू नका हं. जुनी चढलेली झाक निघून जाते."

बाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. शाळेत कॉपी करणाऱ्या पोरांकडे बघायच्या, तसंच. मग बिल्ला रुमालात बांधून पिशवीत ठेवला.

"सर, उपकार झाले," त्या म्हणाल्या. "तुम्ही खरा म्हणाला असतात, तर कुठल्या तोंडानं परत मागितला असता? आज नातीला घोड्याची गोष्ट सांगीन."

फाटक लागल्याचा आवाज आला. हिम्मतराव मधल्या पेटीतल्या रिकाम्या जागेसमोर उभे राहिले आणि त्यांचे डोळे भरून आले. काकूंनी विचारलं, काय झालं? भट्टीच्या बिल्ल्यासाठी रडतोय, हे सांगायचं कोणाला?