दोघांपुरती जागा

येशुदास रणपिसे दौंड जंक्शनच्या सिग्नल-केबिनमध्ये रूळ बदलायचे लिव्हर ओढायचा. गाडी दिसायच्या आधी तिचा रस्ता तयार पाहिजे, हा त्याच्या नोकरीचा नेम, आणि हळूहळू तो संसारातही शिरला होता. नाताळचा सदरा गणपतीतच शिंप्याकडं जायचा. पावसाळा संपत आला की पुढच्या पावसाळ्याची छत्री दुरुस्त व्हायची. त्यामुळं शेहेचाळिसाव्या वर्षी, रिटायर व्हायला चांगली नऊ वर्षं बाकी असताना, त्यानं त्यानंतरची काळजी सुरू केली तेव्हा बायकोला, हन्नाला, नवल वाटलं नाही.

निमित्तही तसंच घडलं होतं. शेजारच्या क्वार्टरमधला कोंडिबा पॉइंट्समन त्या साली, म्हणजे अठ्ठावन्न साली, रिटायर झाला. हारतुरे झाले, भाषणं झाली, आणि थोड्याच दिवसांत क्वार्टर खाली करायचा कागद आला. तीस वर्षं रेल्वेच्या भिंती आपल्या समजून राहिलेला माणूस. जायचं कुठं हे ठरवायचंच राहून गेलं होतं. शेवटी त्याची बोचकी खुटबावच्या भाच्याकडं गेली. येशुदासनं स्वतः ट्रंक टांग्यात चढवली आणि घरी येऊन तो जेवला नाही.

हन्नाचं दुखणं याहून जुनं होतं. बावीस वर्षांच्या संसारात तिनं तीन क्वार्टर बदलली, पण दाराचा रंग तोच, खिडकी तेवढीच. अंगणात तिनं कोथिंबिरीपलीकडं कधी काही लावलं नाही. झाड लावावं तर फळं पुढचा येणारा खाणार. आपलं एक दार असावं आणि त्याला आपल्या मर्जीचा रंग द्यावा, एवढंच तिचं मागणं. वर्षातून एकदा तरी ती ते बोलून दाखवायची आणि येशुदास म्हणायचा, रिटायर झाल्यावर बघू. मुलगी रूथ मोठी होऊन मिरजेला नर्सिंग शिकायला गेली, तरी उत्तर काही बदललं नाही.

कोंडिबाची ट्रंक गेल्यावर मात्र तो हलला. जागा शिरूरला बघायची असं ठरलं. शिरूर हन्नाचं माहेर. आईवडील राहिले नव्हते, पण सख्खे मामा होते. दानिएल मामा तिथल्या मंडळीचे वडील. वडील म्हणजे वयानंच नव्हे, पदानं. चर्चच्या कारभारातले एक पंच. त्यांना कार्ड टाकावं म्हणून येशुदास बसला आणि इथंच माशी शिंकली.

घरात तो सरळ 'रिटायर' म्हणायचा. पण मंडळीच्या वडिलांना असली रेल्वेची भाषा कशी लिहावी? त्यानं ठेवणीतली, उपासनेतली मराठी बाहेर काढली. लिहिलं ते असं: 'माझी येथील सेवा संपली म्हणजे आम्हां उभयतांस विसाव्यासाठी शिरूर येथे जागा पाहून ठेवावी. शांत असावी. प्रार्थनामंदिराजवळ, झाडाच्या सावलीस असावी. शेजार आपल्याच बंधुभगिनींचा असावा. फार मोठी नको, दोघांपुरती पुरे. घाई नाही, वेळ प्रभूच्या हाती. पण आधी सांगून ठेवलेले बरे.'

कार्ड त्यानं हन्नाला वाचून दाखवलं. तिला ते इतकं आवडलं की तिनं पुन्हा एकदा वाचायला लावलं.

पंधरा दिवसांत उत्तर आलं. पत्र वाचून पाळकसाहेबांच्या, म्हणजे चर्चच्या पाद्रीबाबांच्या, आणि आपल्या डोळ्यांत पाणी आलं, असं मामांनी लिहिलं होतं. एवढ्या कमी वयात असा विचार करणारी माणसं आता विरळा. पंचांनी एकमतानं मंजुरी दिली असून लिंबाखालच्या लागून-लागून दोन जागा दोघांच्या नावे राखून ठेवल्या आहेत. येऊन पाहून जावं.

दोन जागा! एक घराला आणि एक परसाला, असा येशुदासनं हिशेब लावला. हन्नानं तर सगळ्या कॉलनीचं तोंड गोड केलं. चूल कुठं, खिडकी कुठं, कोंबड्यांचं खुराडं कुठं, सगळं ठरलं. खिडकीच्या पडद्याचं माप घ्यायला तिनं पिशवीत सुतळीचा गुंडाळा घेतला. अजून भिंत नाही तर खिडकी कुठली, हे येशुदासनं विचारलं नाही. बायको कधी नव्हे ती गुणगुणत होती, मध्ये कोण बोलेल?

सुट्टीच्या दिवशी दोघं निघाली. पाटसला एस.टी. बदलून दुपारच्या आत शिरूर गाठलं. मामा पांढरा कोट घालून, काठी घेऊन तयारच होते. सलाम झाला, चहा झाला. मामांनी येशुदासचा हात बराच वेळ हातात धरून ठेवला. जावयाचा एवढा मान आजवर कधी झाला नव्हता.

मग मामा पुढं आणि ही दोघं मागं. चर्च मागं पडलं, शाळा मागं पडली, मास्तरांची घरं आली. हन्नाला वाटलं, ह्यातलंच एखादं. तीही मागं पडली. पुढं एक लोखंडी फाटक होतं. मामांनी ते उघडलं आणि डोक्यावरची टोपी काढली.

आत मोठा लिंब होता, खाली गार सावली होती आणि सावलीत चुना लावलेले दोन दगड रोवले होते.

"ही तुझी, हन्ना," मामा काठीनं दाखवत म्हणाले, "आन् ही जावईबापूंची. तोंडं दोन्हींची पूर्वेला. शेजार बी चांगला हाय. ह्या अंगाला मुक्ताबाई. जल्मात कुणाला उणा शब्द बोलली न्हाई."

येशुदासच्या डोळ्यांपुढं ते सुंदर कार्ड ओळीनं आलं. सेवा संपली म्हणजे. विसाव्यासाठी. दोघांपुरती. त्यानं हन्नाकडं बघायचं टाळलं, पण किती वेळ टाळणार? ती सुतळीचा गुंडाळा हातात धरून उभी होती. मग तिला हसू फुटलं. तोंडावर पदर दाबून ती हसली, हसता हसता मुक्ताबाईच्या थडग्याच्या कट्ट्यावर बसली, आणि बसल्यावर ते हसणं रडण्यात कधी गेलं ते तिचं तिलाही कळलं नाही. मामांना वाटलं, भाची गहिवरली. तेही डोळे पुसायला लागले.

येशुदास तिच्याजवळ खाली बसला. चूक झाली, दुसरं कार्ड टाकतो, अजून नऊ वर्षं हायती, असं काहीतरी तो पुटपुटला. हन्नानं मान वर केली.

"नऊ वर्षं नऊ वर्षं करू नका," ती हळूच म्हणाली. "बावीस वर्षं मी सामान बांधल्यासारखी राहिले. घर मागितलं तर म्हणायचात, बघू. आन् ही जागा मात्र एका कार्डात झाली. मरायची आपली सोय झाली, अहो. राहायची कवा करायची?"

शंभर गाड्यांचे रस्ते वेळेआधी तयार ठेवणारा माणूस तो. आणि शेजारी बसलेल्या ह्या एका बाईला त्यानं बावीस वर्षं सिग्नलला उभं करून ठेवलं होतं. त्याला तिची फार माया आली आणि स्वतःची तितकीच लाज वाटली.

तो उठला. मामांपुढं जाऊन, उपासनेची मराठी बाजूला ठेवून, त्यानं सरळ सांगितलं, "मामा, माझं लिव्हायचं चुकलं. आमाला राहायला जागा पायजे. घर बांधायला. आन् रिटायर झाल्यावर न्हाई. ह्याच उन्हाळ्यात."

मामांना उमजायला थोडा वेळ लागला. उमजल्यावर त्यांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली आणि लटक्या रागानं म्हणाले की राहायला पाहिजे तर विसावा कशाला लिहायचा, त्या पत्रावर पाळकसाहेबांनी एक अख्खं प्रवचन दिलं. पण राग फाटकापर्यंतही टिकला नाही. त्यांच्या घरामागं हौसराव पाटलांचा एक पडीक तुकडा होता. मामांची आणि पाटलांची लहानपणापासूनची दोस्ती. तिघं तशीच पाटलांकडं गेली. सगळी हकीकत ऐकून पाटील पोट धरून हसले आणि म्हणाले, जित्या माणसांना जागा द्यायला मला पंच लागत न्हाईत. तिथल्या तिथं शब्द दिला. हन्नानं त्या तुकड्यावर सुतळी धरून दाराची जागा ठरवली आणि तिथं चार दगड रचले. रंग निळा, हेही सांगून टाकलं. उन्हाळ्यात पाया, दिवाळीत छप्पर, आणि नोकरी असेतो सुट्टीच्या दिवशी दोघांनी येऊन राहायचं, असं येशुदासनंच ठरवलं. एकदाही त्यानं 'बघू' म्हटलं नाही.

एस.टी.ला वेळ होता. स्टँडवर पोचवायला आलेले मामा जरा घुटमळत होते. शेवटी त्यांनी विचारलं, पंचांना काय सांगू? त्या दोन जागा परत करायच्या का?

येशुदास हो म्हणणार तेवढ्यात हन्ना म्हणाली, "नको मामा, असू द्या. सावली चांगली हाय. फकस्त दगडांची अदलाबदल करा."

मामांनी कारण विचारलं. हन्ना थोडी लाजली. केबिनमधल्या घंटांनी येशुदासचा डावा कान अधू झाला होता. साहेबांना कळलं तर केबिनमधून काढतील, म्हणून नवराबायकोंनी ते कुणालाच सांगितलं नव्हतं. सहा वर्षं ती रस्त्यानं चालताना, चर्चमध्ये बसताना, जेवताना त्याच्या उजव्या हाताला असायची. आताही तशीच उभी होती.

"माझी जागा ह्यांच्या डाव्या अंगाला येती," ती मामांना म्हणाली. "तिकडनं ह्यांना कमी ऐकू येतं."

"अगं वेडे," मामा म्हणाले, "पुनरुत्थानाच्या दिवशी मेलेली उठत्यात तवा सगळ्यांचे कान बरे व्हत्यात."

"व्हतील की," हन्ना म्हणाली. "पण तवर?"